तुझ्या कोंबड्यांचं छत आणि आमची फेलिसिया

तीर्थरूप (आणि डॉक्टरांच्या हुकमावरून सध्या सकाळ-संध्याकाळ तीर्थ पिणाऱ्या) क्वेताताईस धाकट्या लिबाचा, कंबर परवानगी देईल तेवढं वाकून नमस्कार.

पत्राबरोबर एक अंडं आहे. ते आधी नीट ठेव. पलंगावर ठेवू नकोस, गडगडेल. हाताला जरासं कोमट लागेल, पण दचकू नकोस, त्याचा खुलासा शेवटी येणार आहे आणि तू नेहमीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचणार नाहीयेस. तुझा गुडघा कसा आहे? चिखलाच्या लेपाने उतार पडला का? ते खारं पाणी नाक दाबून एका दमात पीत जा आणि वर ती मोठी गोल कुरकुरीत बिस्किटं खा, लुहाचोविचेच्या झऱ्यांवर माणसं खरं म्हणजे त्या बिस्किटांसाठीच गुडघे दुखवून घेतात. तुझ्या खोलीतली ती घोरणारी बाई अजून घोरते का? इकडे सगळं ठीक. हिनेकला सर्दी आहे, पण ती त्याने स्वतः कमावलेली आहे. नाताळचा कार्प मासा न्हाणीघरातल्या टबात मजेत पोहतोय आणि म्हणून आम्ही दोघं बरेच दिवस बादलीवर भागवतोय. (यंदाचा कार्प भलताच मोठा आहे. हिनेक रोज दाढी करताना त्याच्याशी बोलतो. पुढे कापायच्या वेळी रडणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.) माझं अक्षर वाकडं दिसेल, कारण कागद मांडीवर आहे आणि हातात लोकरी मोजे. तेही पुढे येईल.

तर तुझं कार्ड मिळालं. चित्र छान होतं. मागचा मजकूर वाचून मात्र मी चुलीवरचं दूध उतू घालवलं. म्हणे, नाताळला इथंच राहते. म्हणे, कुबड्या घेऊन एक बस आणि दोन गाड्या बदलणं होणार नाही, परक्याच्या टॅक्सीत बसायचं नाही, इथं मासासुद्धा काटे काढून देतात, आणि खोली चांगली आहे, दुसऱ्या मजल्यावरची, खिडकीतून फाटक आणि लिंडनचं झाड दिसतं. शिवाय वर आणखी, तुम्ही दोघंच असाल तर जेवायला सम माणसं होतील, विषम आकड्याचा अपशकुन टाळायला जास्तीचं ताट मांडायचा त्रासही वाचेल! अगं ताई, काटे काढलेला मासा हा काय नाताळ आहे? काटा घशात अडकल्याशिवाय आणि आईच्या पद्धतीने पाठीत गुद्दा बसल्याशिवाय आपल्याकडे कधी नाताळ उजाडलाय का? आपल्या जन्मापासून आपण दोघी त्या रात्री एका टेबलाशी बसलो आहोत. तुला गालगुंड झाले होते त्या वर्षीसुद्धा आईने तुला टेबलाच्या एका टोकाला आणि मला दुसऱ्या टोकाला बसवलं होतं आणि मधून बाबा ताटं सरकवत होते. कार्ड वाचून मी व्हॅनिलाच्या चंद्रकोरींचं पीठ मळायला बसले आणि त्यात इतकी रडले, की यंदाच्या चंद्रकोरी खारट झाल्यात. (हिनेकने अर्धा डबा संपवला आणि म्हणाला, यंदा चांगल्या जमल्यात.)

आणि मला गुडघ्याचं सांगू नकोस. गुडघा हे निमित्त आहे. लेओश भाऊजी गेल्यापासून त्या रात्री तू चौथ्या ताटाकडे बघत बसतेस, हिनेक मान खाली घालून मासा वाढतो आणि तुम्ही दोघं एकमेकांना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागता. दोघांच्या मध्ये काय आहे ते अख्ख्या गावाला माहीत आहे. दोघांच्या मध्ये एक छत आहे.

त्या छताची गोष्ट तुला पाठ आहे, पण मी पुन्हा सांगणार, कारण तू ती नेहमी तुझ्या बाजूने सांगतेस आणि हिनेक त्याच्या, मधल्या बाजूने कुणीच सांगत नाही. झ्लीनच्या दंतवैद्याची विधवा साय-रंगाची, कापडी छताची फेलिसिया गाडी विकतेय, ही बातमी न्हाव्याच्या दुकानात आधी कळली भाऊजींना. एका आठवड्याला तुम्ही फिरवा, एका आठवड्याला आम्ही, असं ठरवून दोघं साडू रविवारी मिळून जाणार होते. हिनेक शनिवारीच 'नुसता बघून येतो' म्हणून गेला आणि संध्याकाळी हूड उघडं टाकून, भोंगा वाजवत, गाडी चालवत परत आला. (बघितली आणि राहवलं नाही, म्हणाला. लग्नाच्या वेळी माझ्याबद्दलही हेच म्हणाला होता, त्यामुळे मला फार रागावता येईना.) भाऊजी रविवारी ठरल्याप्रमाणे कोट घालून, बसने, एकटे गेले. विधवेच्या कोठारात आढ्याला त्याच गाडीचं हिवाळ्यात बसवायचं पक्कं छत टांगलेलं होतं, गुळगुळीत, फायबरचं, मागे काच असलेलं. ते त्यांनी विकत घेतलं आणि बसच्या टपावर बांधून आणलं. छतावर छत घेऊन बस गावात शिरली तेव्हा लोक चर्चमधून बाहेर येत होते.

तेव्हापासून एकाकडे बिनछताची गाडी आणि दुसऱ्याकडे बिनगाडीचं छत. हा म्हणायचा, छत मला विका. ते म्हणायचे, गाडी मला विका. एकाच अंगणात समोरासमोर राहणारी, एकाच झाडाच्या आलुबुखाराची दारू गाळणारी ही दोन शहाणी माणसं बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची. गाडी मे महिन्यात बाहेर निघायची आणि पहिल्या पाल्याबरोबर आईच्या पिसांच्या दुलईखाली परत जायची. मग भाऊजींनी कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं आणि त्यावर ते छत चढवलं, बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. तुला ना मला, घाल कुत्र्याला म्हणतात, इथं कुत्र्याच्या जागी कोंबड्या. हिनेकने पडदा लावला. मी तो काढला, कारण मला भांडी घासायला उजेड लागतो. भाऊजी गेल्यावर एकदा, एकदाच, हिनेक तुझ्याकडे छत मागायला आला आणि तू म्हणालीस, 'त्या छताला हात लावलास तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस.' तेव्हापासून मीठ माझ्यामार्फत.

तर हिनेकने तुझं कार्ड वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मला वाटलं म्हणेल, बरं झालं, मासा दोघांत पुरेल. तर तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि ऐन डिसेंबरात गाडीवरची दुलई काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "क्वेताला आणायला जायचं. परक्याच्या गाडीत ती बसत नाही ना? मग घरच्या गाडीतून आणू." मी म्हटलं, "अरे, बाहेर बर्फ पडतोय." तर म्हणतो, "गाडीला हूड आहे की!" हूड आहे हे खरं. ते कापडाचं आहे, आपल्या मामेबहीण ल्युदमिलाच्या लग्नाच्या वर्षीचं आहे आणि त्याला दोन ठिकाणी मी कोटाचं अस्तर लावून टाके घातलेत, हेही तितकंच खरं. तरी मागच्या डिकीत चाकं घसरू नयेत म्हणून वाळूची दोन पोती टाकली आणि आम्ही चाचणीला निघालो, नुसतं टेकडीवरच्या देवळापर्यंत. हिनेकने केसाळ टोपी आणि डोळ्यांना वेल्डिंगचा चष्मा लावला होता, मी तुझी निळी शाल डोक्यावरून घट्ट बांधली होती. जाताना वारा पाठीमागून होता, म्हणून आम्ही गाणीसुद्धा म्हटली. येताना तो समोर आला. माझ्या टाक्यांपैकी एक उसवला आणि तिथून बर्फ बरोबर हिनेकच्या मांडीवर पडायला लागला, इमानेइतबारे, थेट एका जागी. घरी पोचलो तेव्हा त्याच्या मिशा गोठल्या होत्या आणि ओठ हलत नव्हते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं घरात फार शांत गेली. मग मिशा वितळल्या आणि तो म्हणाला, "अशी तिला आणली तर गुडघा राहील बाजूला, न्यूमोनियाच होईल." आणि खिडकीतून समोर बघत बसला. समोर काय आहे ते तुला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी तुझ्या खुराड्यासमोर टोपी हातात घेऊन उभी. बाजूला शेजारचे स्कोपाल, गावच्या बँडमध्ये मोठी तुतारी फुंकणारे, हातात आलुबुखाराची बाटली घेऊन. (बाटली 'अंदाज घ्यायला' आणली होती म्हणे. कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण अंदाज पुन्हा पुन्हा घेतला गेला.) स्कोपाल म्हणाले, "हिनेक, बाईमाणूस घरात नाही आणि तू तिचं छप्पर उतरवतोस. याला गावात काय म्हणतात ठाऊक आहे का?" हिनेक म्हणाला, "तिला घरी आणायला तिचंच छप्पर लागतंय, त्याला मी काय करू?" यावर स्कोपालांनी विचार केला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "हे मात्र तिला पटेल असं वाटत नाही." मलाही वाटत नव्हतं. तरी मी काही बोलले नाही, हे इथं नमूद करते.

ताई, आता पुढचं जरा बसून वाच.

त्या खुराड्यात मी आजवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. अंडी तू काढायचीस, झाडलोट भाऊजी करायचे, आम्हाला ते फक्त बाहेरून, खिडकीतून, डोळ्यांत खुपायला होतं. छत सोडवायचं म्हणून आम्ही तिघं वाकून आत शिरलो. आठ कोंबड्या आणि तो तुझा रागीट कोंबडा आमच्याकडे, भाडं थकलेल्या बिऱ्हाडकरूकडे बघावं तसे बघत होते. उजव्या बाजूला दांडी, तिच्यावर कोंबड्या. डाव्या बाजूला पाठीला टेकू असलेली फळी, तिच्यावर उशी. समोर तिरपी बसवलेली काच. वर एक खुंटी आणि खुंटीला भाऊजींची चौकड्याची टोपी. छत खिळ्यांनी ठोकलेलं असेल म्हणून स्कोपालांनी पहार आणली होती. एकही खिळा नव्हता. समोर दोन कड्या, मागे दोन बोल्ट, जसे गाडीवर असतात तसे, तेलात भिजवलेल्या फ्लॅनेलच्या चिंध्यांत गुंडाळलेले. खाली लाकडी चौकट होती ती बोटाच्या फरकाने आमच्या फेलिसियाच्या मापाची. त्यांनी ही मापं कधी घेतली देव जाणे. आपण दोघी बाजाराला गेल्यावर येत असतील अंगण ओलांडून, खिशात टेप घेऊन.

हिनेक त्या फळीवर बसला. समोरच्या काचेतून आमचं गॅरेज आणि त्यापलीकडचा रस्ता, टेकडीवर चढून जाणारा, सरळ दिसतो. शेजारच्या दांडीवर तुझी ठिपक्यांची कोंबडी मादला बसली होती ती हलली नाही, नुसती त्याच्या बाजूला सरकली. शेजारी माणूस बसायची तिला सवय असणार. स्कोपालांनी डोक्यावरची टोपी काढली. हिनेक म्हणाला, "लिबा, हा माणूस इतकी वर्षं गाडी चालवत होता. आणि मी समजत होतो, मला खिजवतोय." मग तो रडला, ताई. लपवत नाही. मीही रडले, स्कोपालांनी नाक शिंकरलं तर कोंबडा आरवला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की रविवारी दुपारी तू म्हणायचीस ना, 'ते कोंबड्यांपाशी बसलेत', ते हे. तू छत का देत नव्हतीस, तेही तेव्हाच कळलं. तू छत राखत नव्हतीस, त्यांची जागा राखत होतीस. एवढं तरी मला सांगायचंस, मी काय परकी आहे?

यानंतर हिनेकने पहार स्कोपालांच्या हातात परत दिली आणि म्हणाला, नको, राहू दे, क्वेताने जपलेली आठवण आहे. बोलला तसा घरी जाऊन बसला असता तर हे पत्रही नसतं आणि अंडंही. इथून पुढे जे झालं त्याची जबाबदारी माझी, राग धरायचा तर माझ्यावर धर. मी म्हटलं, "भाऊजींनी कड्यांना दरवर्षी तेल कशासाठी लावलं? कोंबड्या काय कड्या काढून फिरायला जाणार होत्या? ते छत एक दिवस उचलायचं होतं म्हणून लावलं. तुम्ही दोघांनी तोंडं उघडली नाहीत, म्हणून राहिलं. उचला आता." दोघं उठले. बायकांनी असं वर्षातून एकदाच बोलावं, मग काम होतं.

उचलणं सोपं नव्हतं. स्कोपाल म्हणाले, एक-दोन-तीन म्हणतो, उचलायचं. हिनेकने तीनला उचललं. स्कोपाल बँडवाले, ते तीननंतरच्या एकला उचलतात. छत एका बाजूने वर गेलं, त्यावरचा सगळा बर्फ दुसऱ्या बाजूने स्कोपालांच्या कॉलरात गेला आणि त्यांनी अशी काही शिवी हासडली, की ती मी तुला भेटीअंती सांगेन. मग धुण्याचा कार्यक्रम. अंगणात गरम पाणी ओतलं ते ओतल्याजागी गोठलं आणि छतावर कोंबड्यांची शिट आहे तिथल्या तिथे काचेखाली ठेवल्यासारखी चकचकीत दिसायला लागली. न्हाणीघरात न्यावं तर टबात कार्प. शेवटी स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट उतरवून छत आत घेतलं, चुलीसमोर उलटं ठेवलं आणि मी संध्याकाळपर्यंत सोडा, ब्रश आणि देवाचं नाव घेऊन घासत होते. (तेवढा वेळ खिडकीला तुझीच मेणकापडाची चादर लावली होती. तीही आता धुवायला हवी.)

बसवायच्या वेळी मला आत ड्रायव्हरच्या जागी बसवलं, पुढच्या कड्या जुळल्या की ओरडायला. बाहेरचं संभाषण जसंच्या तसं देते. "डावीकडे घे!" "कुणाच्या डावीकडे?" "गाडीच्या!" "गाडीचं तोंड कुठंय?" "जिकडे दिवे आहेत तिकडे, तुझ्या तोंडाला काय झालंय!" "मागच्या बाजूलाही दिवे आहेत, हिनेक, ते लाल आहेत एवढंच." मी आतून ओरडत होते, पण रबराची पट्टी इतकी घट्ट बसली, की माझा आवाजच बाहेर जाईना. ते दोघं आपले माझ्याकडे काचेतून बघून हात हलवत होते. मग कट् असा एक बारीक आवाज झाला आणि सगळं एकदम गप्प झालं. वारा बंद. थेंबसुद्धा नाही. आतमध्ये मी आणि वर भाऊजींचं छत, साय-रंगावर साय-रंग, जणू कधी वेगळे नव्हतेच. हिनेक बाहेर उभा राहून गाडीभोवती तीनदा फिरला आणि छतावर हात ठेवून म्हणाला, "घे लेओश, बसलं." मला आतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

(इथं गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण तू मोठी बहीण, तुझ्यापासून काय लपवायचं?)

चाचणीला पुन्हा देवळापर्यंत निघालो. थंडीचं नाव नाही. मी शाल सोडली, हिनेकने वेल्डिंगचा चष्मा काढला आणि मोठ्या दिमाखात हीटर लावला. हीटर चांगला आहे, त्याने शरदात स्वतः दुरुस्त केलाय, त्यामुळे पहिल्यांदाच चालू झाला. आत ऊब आली. ऊब वर गेली. वर छताला आतून नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं अस्तर, आहे, त्या नमद्याखाली इतक्या वर्षांच्या कोंबड्या मुरलेल्या आहेत, आणि माझा सोडा तिथपर्यंत पोचला नव्हता. पहिल्या वळणावर हिनेकने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आपलं लग्न होऊन बराच काळ झाला की असा प्रसंग कुणी उघड बोलून दाखवत नाही. दुसऱ्या वळणावर दोघांनी एकदम काचा खाली केल्या. तेव्हा स्थिती अशी आहे, की थंडी आत येऊ नये म्हणून छत बसवलं आणि छताचा वास बाहेर जावा म्हणून दोन्ही काचा उघड्या ठेवून आम्ही हिंडतो. हिनेकचं म्हणणं, बर्फ तरी मांडीवर पडत नाही. प्रगती आहे, म्हणतो. म्हणून माझ्या हातात लोकरी मोजे.

आता तुला धास्ती कोंबड्यांची असेल. त्यांना उघड्यावर टाकलं असं वाटलं का तुला? हिनेकने आमचं कापडी हूड स्वतःच्या हातांनी गाडीवरून उतरवलं (ज्याला त्याने पाहुण्यांच्या पोरांना बोटसुद्धा लावू दिलं नाही, ते) आणि भाऊजींच्या चौकटीवर चढवलं. चौकट मापाची, त्यामुळे ते जसंच्या तसं बसलं. उसवलेला टाका मी घातला, आतून आईची ती पिसांची दुलईही लावली. तुझ्या कोंबड्यांकडे आता उघडझाप करणारं छत आहे. दुपारी ऊन पडलं की स्कोपाल येतात, हूड मागे दुमडतात, कोंबड्या डोळे मिटून ऊन खातात आणि गावातली पोरं बघायला जमतात. कोंबड्याला मात्र हे थेर पसंत नाहीत. फळी, उशी, काच, सगळं जागच्या जागी आहे, एक खुंटीवरची टोपी सोडून. ती हिनेकने घातलेली नाही, हे आधी सांगते. ती गाडीत मागच्या काचेखाली ठेवली आहे, भाऊजींना रस्ता दिसावा म्हणून.

तर ठरलं ते असं. शनिवारी सकाळी निघून आम्ही तुला आणायला येणार. पुढे हिनेकशेजारी तू बसायचं, गुडघा लांब करून, मी मागे पोत्यांसारखी बसेन. छत तुझंच आहे. मेमध्ये ते परत कोंबड्यांना आणि हूड परत आम्हाला, दरवर्षी असंच, दोन्ही घरांनी मिळून उतरवायचं आणि मिळून चढवायचं. बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, तो भाऊजींनी ठेवला तसा तेल लावून ठेव.

तुझी, सोडा आणि ब्रशने हात फुटलेली,
लिबा

ता. क. तू हो म्हणशील की नाही, याची चौकशी आधी करायला हवी होती, असं हिनेक आता म्हणतोय. आता म्हणजे आत्ता. आज शनिवारच आहे. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. ते तुझ्या फाटकातल्या परिचारिकेच्या हातात देणार आहे, कारण वर येऊन तुझ्यासमोर उभं राहायचा हिनेकला धीर होत नाही आणि त्याला गाडीत एकटा सोडायचा मला.

ता. क. २ : अंड्याचा खुलासा. घाटाच्या वरच्या वळणावर मागून आवाज आला. मला वाटलं बोल्ट सैल झाला, हिनेकला वाटलं भाऊजी बोलले. बघते तर मादला. आपलं छत कुठं चाललंय, हे बघायला ती कधी आत शिरून बसली, कोण जाणे. भाऊजींच्या टोपीत बसली होती, आणि उठली तेव्हा टोपीत हे अंडं. ते थंड व्हायच्या आत निर्णय दे, असं तिचंही म्हणणं दिसतंय. परत जाताना तीही पुढच्या सीटवर हक्क सांगेल, जरा सांभाळून घे.

ता. क. ३ : ताटं मी घरून निघतानाच मांडून आले. चार. आपण तिघं आणि चौथं नेहमीचं. हिनेकने मिठाचं भांडं तुझ्या आणि त्याच्या मध्ये ठेवलंय, माझ्यापासून लांब.

ता. क. ४ : खरी विनंती एवढीच, की खिडकीशी ये. लिंडनखाली साय-रंगाची गाडी, दोन्ही काचा उघड्या, आत एक माणूस ताठ बसलेला आणि एक कोंबडी. यायचं असेल तर टॉवेल हलव. यायचं नसेल, तर छत तुझं आहे, ते घ्यायला तरी खाली ये. तू हे वाचत असशील तेव्हा हिनेक मला विचारत असेल, "भोंगा वाजवू का?" आणि मी म्हणत असेन, "थांब जरा, अजून वाचतेय ती."